घासून गेलेलं नाव

आमचे मालक घर स्वतः झाडायचे, पण केर टाकायचे नाहीत.

सांगलीच्या गावभागात त्यांच्या माडीवर मी साडेचार वर्षं भाड्याने राहिलो. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, लग्न झालेलं नव्हतं, सामान दोन ट्रंकांत मावेल एवढं. खाली ते एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुलं तमिळनाडूत धंद्यात. रोज सकाळी साडेसहाला खालून झाडूचा आवाज सुरू व्हायचा. कोपरा न् कोपरा झाडून झाला की केर सुपात आणि सुपातून पत्र्याच्या डब्यात. रविवारी तो डबा गच्चीवर यायचा. जुन्या धोतराचं फडकं अंथरून मालक त्यावर केर पसरायचे, डोळ्याला भिंग लावायचे आणि धुळीत, केसांच्या गुंतवळात, शेंगांच्या टरफलांत अर्धा तास बोटं फिरवत बसायचे. मग सगळं गोळा करून घंटागाडीत. पहिल्याच महिन्यात मी विचारलं होतं, "काही हरवलंय का?"

"न्हाई," ते म्हणाले. "हात गप बसत न्हाई."

मालक गलाईवाले. मूळ गाव कवठे महांकाळच्या बाजूचं. तिकडच्या कोरड्या गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईला बाहेर पडतात. परमुलखात कुठल्याशा सराफ बाजारात दीड हाताचं दुकान घ्यायचं, लोकांचं मोडीचं सोनं घ्यायचं आणि ते आटवून शुद्ध करायचं, हा धंदा. अशा दुकानातला केरसुद्धा फुकट जात नाही. झारेकरी तो विकत नेतात आणि धुऊन त्यातले सोन्याचे कण काढतात. मालकांनी उमेदीची वीस वर्षं दक्षिणेत काढली, पुढे सांगलीच्या सराफ बाजारात स्वतःचं दुकान टाकलं आणि डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा ते बंद केलं. दुकान सुटलं, झाडू काही सुटला नाही.

सगळा जन्म तेजाबात बोटं बुडवल्यामुळे त्यांच्या बोटांवरच्या रेषा गेल्या होत्या. रेशनच्या दुकानातल्या यंत्राला त्यांचा अंगठा ओळखू यायचा नाही. दुकानदार म्हणायचा, पुसून परत लावा. हे पुसायचे, परत लावायचे. रांगेतली माणसं चुळबुळ करायची. "मी हाय ह्येच त्या मशिनीला पटंना," असं सांगत रिकामी पिशवी घेऊन घरी यायचे. मी रसायनशास्त्राचा माणूस म्हणून एकदा त्यांना हातमोज्यांविषयी चार शब्द ऐकवले. ते हसले. "मास्तर, तुमचं ॲसिड पुस्तकातलं. मोजं घालून सोनं कळतंय व्हय?"

माणसांनाही ते कस लावायचे. कोणी येऊन बसून गेलं की दार लागायच्या आत आकडा सांगायचे. "अठरा." "सोळा." एक पुढारी मतं मागायला आला, पाया पडून गेला. "नऊ. वरनं सोन्याचं पाणी दिलेलं." मला त्यांनी चौदा दिले होते. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, "चवदा वाईट न्हाई. रोजच्या वापराला बरं. वाकत न्हाई." बावीस त्यांनी कुणालाच दिलेले मी ऐकले नाहीत. एकदा मी गमतीने विचारलं, "आणि तुम्ही स्वतः?" ते उठून आत गेले आणि त्या दिवशी पुन्हा ओट्यावर आले नाहीत. मला वाटलं, म्हाताऱ्याला राग आला. राग नव्हता, पण हे कळायला मला दोन वर्षं लागली.

लग्नाला ते जात नसत. पत्रिका आली की देवापुढे ठेवायची, वेळ झाली की घरातूनच अक्षता टाकायच्या. याचं कारण त्यांनीच मला सांगितलं, तेही मी न विचारता. पूर्वी कुंडलला एका नात्यातल्या लग्नाला गेले होते. मांडवात मुलाकडच्यांनी नवरीच्या अंगावरचा हार त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, पाव्हणं, जरा बघा की, तुमी जाणकार. यांनी हार तळहातावर घेतला, वजन अजमावलं आणि चारचौघांत सांगून टाकलं, की वरून पाणी दिलेलं आहे, आत तांबं. खरं होतं ते. मुलीचा बाप तिथेच मांडवात खाली बसला. लग्न लागलं, पण पोरगी आठ महिन्यांत माहेरी आली ती परत नांदायला गेली नाही.

"खोटं न्हवतो बोललो, मास्तर," ते म्हणाले. "पर 'मला चष्म्याबिगर दिसत न्हाई' म्हणाया काय झालं हुतं? तेवढंच म्हणायचं हुतं. त्या पोरीचा जलम गेला माझ्या तोंडापायी."

मी काहीतरी समजुतीचं बोललो असेन. अशा वेळी जे बोलतात ते.

त्यांचा खरा जीव अडकला होता तो मात्र एका घड्याळात. साखळीचं, खिशात ठेवायचं, जुनं सोन्याचं घड्याळ. साखळी नव्हती. पांढरी तबकडी, रोमन आकडे, खाली सेकंदाचा बारीक काटा. झाडून झालं, हात धुतले की बरोबर सात वाजता ते कपाट उघडायचे, पंच्यातून घड्याळ काढायचे आणि त्याला चावी द्यायचे. डोक्यावरच्या चावीचे दाते झिजले होते. नुसती फिरवली तर ती कर्र करून मागे यायची. अंगठ्याच्या नखाने ती खाली दाबून धरायची, तशीच फिरवायची आणि अकरा वेढे झाले की अर्धा वेढा उलटा द्यायचा. मला त्यांनी तीन-चारदा करू दिलं. एकदाही जमलं नाही. "ऱ्हाऊ द्या, मुरगळंल," म्हणून ते काढून घ्यायचे.

हे घड्याळ एका मोठ्या पुढाऱ्याचं. नाव मी लिहीत नाही आणि कुणी तर्कही करू नये. त्यांच्या भागातली माणसं त्यांना नुसतं 'थोरले' म्हणायची. इंग्रजांच्या काळात वर्षानुवर्षं भूमिगत राहिलेले, नंतर लोकांच्या पोटापाण्याच्या कामात झिजलेले. भाषणाला उभे राहिले की आधी खिशातून घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे आणि दिलेली वेळ संपली की वाक्य अर्धं सोडून खाली बसायचे. सांगलीच्या हळद-गुळाच्या पेठेने वर्गणी काढून ते त्यांना भेट दिलं होतं, मागच्या झाकणावर त्यांचं नाव कोरून. मालकांनी ते लहानपणी कवठ्याच्या सभेत बापाच्या खांद्यावर बसून पाहिलं होतं. "उन्हात असं चमकलं," ते सांगायचे, "की थोरल्यांचं त्वांड दिसंना मला. नुसतं घड्याळच दिसलं."

आणि ते नाव त्यांनीच घासून टाकलं होतं.

दुपारची वेळ होती म्हणे. सांगलीतल्या दुकानात एक बाई आली, पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढलेला. पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून घड्याळ. म्हणाली, आटवायला घ्या, पण लवकर करा, मिरजेच्या दवाखान्यात माणूस आहे. मालकांनी घड्याळ हातात घेतलं, पालथं केलं आणि कानस मारली. एकदा, दोनदा, तीनदा.

कुठल्याही गलाईवाल्याने हेच केलं असतं. दुकानात वस्तू आली की ती कशी दिसते हे बघत नाहीत, आत काय आहे ते बघतात. वरून पाणी दिलेली वस्तू असेल तर दगडावर नुसतं घासून कळत नाही. कानशीने खोल ओरखडायचं आणि मग तेजाबाचा थेंब. हात हे आपोआप करतो. मागच्या झाकणावर काळी घाण साचलेली, तिच्यात अक्षरं होती. यांना ती नक्षी वाटली. कस बरोबर लागला. यांनी बाईला पैसे दिले आणि ती गेली. मग रिवाजाप्रमाणे कागदावर पडलेला कीस गोळा करायला दिवा जवळ ओढला, तेव्हा उरलेली अक्षरं वाचता आली. 'यांस सांगली पेठेतर्फे सप्रेम भेट.' त्याच्या आधी जिथे नाव असायला हवं तिथे तीन चकचकीत फराटे.

"त्यो कीस अजून हाय माझ्यापाशी," ते म्हणाले. "पुडीत. नाव हाय त्यात. वाचता यायचं न्हाई, एवढंच."

ते अनवाणी एसटी स्टँडकडे धावले. मिरजेची गाडी गेली होती. चार दिवस मिरजेतले दवाखाने पालथे घातले. पाचव्या दिवशी पेपरात बातमी आली, थोरल्यांचा मुलगा मिरजेत वारला. आतल्या पानावर अंत्ययात्रेचा फोटो, त्यात ती बाई. थोरल्यांची सून. नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी सासऱ्याचं घड्याळ तिने विकलं होतं आणि माणूसही वाचला नव्हता. सुतकाच्या घरी जाऊन काय सांगायचं, म्हणून ते थांबले. मग वर्ष गेलं. मग लाज वाटायला लागली. आणि मग पस्तीस वर्षं गेली. पण त्यांनी ते आटवलं नाही आणि विकलं नाही. "मी सोनं इकत घेतलं हुतं, मास्तर. घड्याळ मी घेतलंच न्हाई. घड्याळ त्येंचंच हाय."

दरम्यान थोरल्यांचं स्मारक उभं राहिलं. त्यात काचेच्या पेटीत, लाल मखमलीवर, थोरल्यांचं घड्याळ. पुण्यतिथीला माणसं रांग लावून त्या पेटीला हात जोडतात, शाळांच्या सहली येतात. मालक तिथे गेले, काचेला नाक लावून उभे राहिले आणि घरी आले. मला म्हणाले, "पितळ."

त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. मरायच्या आधी खरं घड्याळ त्या पेटीत जायला हवं. जेवताना तेच, केर चाळताना तेच. मुलांचा फोन माझ्या मोबाइलवर यायचा, पण त्यांना ते यातलं काही सांगायचे नाहीत, कारण मुलं धंद्यातली, आधी वजन विचारतील. मग राहिलो मी. खरं सांगायचं तर पहिलं वर्ष मला अभिमान वाटायचा, की एवढी गोष्ट फक्त मला ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षी कंटाळा यायला लागला.

स्मारकाच्या चिटणीसाकडे मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. चिटणीस नीट बोलणारा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्याने घड्याळ उलटसुलट पाहिलं. "नाव कुठाय?"

"मी घासलं," मालक म्हणाले.

"तुम्हीच घासलं आणि तुम्हीच सांगताय." तो हसला नाही. "काका, दोनच गोष्टी होऊ शकतात. हे थोरल्यांचं नसेल तर तुम्ही लबाड. आणि असेल तर तुमच्याकडे आलं कसं? चोर. कुठलं लिहून घेऊ? थोरल्यांच्या घरच्यांनी स्वतःच्या हाताने दिलेलं घड्याळ आमच्या पेटीत आहे. त्यांनी येऊन सांगितलं की हेच आमचं, तर बोलू."

बाहेर आल्यावर मालक बराच वेळ चपला शोधत होते. चपला पायातच होत्या. "बरूबर हाय त्याचं," ते म्हणाले. "बाईनंच सांगाय पायजे."

म्हणून आम्ही साताऱ्याला गेलो. मार्च महिना, सकाळची गाडी. मालकांनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं आणि घड्याळ, गाडीच्या गडबडीत चावी न दिलेलं, आतल्या बंडीच्या खिशात, वरून हात. कऱ्हाडला गाडी थांबली तर लघवीलाही उतरले नाहीत. अजिंक्यताऱ्याच्या उतरणीला थोरल्यांच्या सुनेचं घर, चांगलं दुमजली, दाराशी तिच्या नातवाच्या फोटोचा फ्लेक्स. नातू निवडणुकीला उभा राहणार होता. थोरल्यांच्या नावावरच उभा राहणार होता, दुसरं काय होतं त्याच्याकडे? तो घरी नव्हता. नातसुनेने आम्हाला आत घेतलं, चहा ठेवला आणि ती दारातच उभी राहिली.

म्हातारी कॉटवर बसली होती. ऐंशीच्या पुढची, अंगाने वाळलेली, डोळे मात्र चांगले. मालकांनी पंचा सोडून घड्याळ तिच्या पुढ्यात ठेवलं आणि हात जोडले. "आई, मी सांगलीचा गलाईवाला. वळखलं का? लय वर्सं झाली. तुमी दुपारच्या आला हुता."

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग घड्याळाकडे. "मी कशाला येतीय सांगलीला?"

"ह्ये तुमचं हाय. मला काय नको. स्मारकात जाऊन तुमी फकस्त एवढंच म्हणा, की ह्येच ते. कसं आलं, कुणी दिलं, कुणी इचारणार न्हाई. इचारलं तर मी सांगतो, मला रस्त्यात घावलं."

नातसून म्हणाली, "आवं, आमचं घड्याळ स्मारकातच हाय. ह्यांच्या हस्तेच दिलंय. पेपरात फोटू हाय."

म्हातारीने घड्याळ उचललं. कानाला लावलं. डोळे मिटले नाहीत, चेहऱ्यावर काही हललं नाही. मग ते मांडीवर घेऊन ती बोलायला लागली, नातसुनेकडे बघत. आमचे मामंजी तसे होते, असे होते, त्यांच्या वस्तू कुणीही उठून दाखवतो, मागं एकजण काठी घेऊन आला होता. बोलता बोलता तिचा अंगठा घड्याळाच्या डोक्यावर गेला. नखाने चावी खाली दाबली. फिरवली. मी मोजत होतो. अकरा. मग अर्धा वेढा उलटा.

मालकांनीही पाहिलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

"ह्ये आमचं न्हवं," म्हातारी म्हणाली आणि तिने घड्याळ पुढे केलं.

मी तोंड उघडलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की आजी, मग तुम्हाला चावी कशी देता आली? गुडघ्यावरचा हात आणखी जड झाला. "चुकी झाली, आई," मालक म्हणाले. "माझंच डोळं गेल्यात." त्यांच्याकडे फोन नव्हता, म्हणून निघताना त्यांनी माझ्याकडून कागदावर माझा नंबर लिहून घेतला आणि तो म्हातारीच्या उशाशी ठेवला. "कवा सांगलीकडं आला तर." तिने कागदाला हात लावला नाही.

परतीच्या गाडीत मी चिडलो होतो. म्हटलं, तुम्ही मला बोलू द्यायला हवं होतं, एका वाक्यात काम झालं असतं. ते खिडकीतून उसाचे फड बघत होते. कऱ्हाड गेल्यावर म्हणाले, "दारात नातसून हुबी हुती, मास्तर. म्हातारीला त्याच घरात ऱ्हायाचंय. एक डाव मांडवात बोललोय मी. पुन्यांदा न्हाई."

त्यानंतर ते शांत झाले. मला बरं वाटलं. रविवारी केर चाळला, जेवण वेळेवर, घड्याळाचं नाव नाही. एक-दोनदा मात्र म्हणाले, "तिला झोप लागत नसंल. म्हणत असंल, ह्यो गडी पुन्ना येतोय का काय." मी म्हटलं, तुम्ही जाणारच नाही तर कसली भीती? ते म्हणाले, "मी जाईन का न्हाई, ह्ये तिला काय म्हाईत? घड्याळ हाय तवर भ्या हाय." मी यावर फार विचार केला नाही. माझ्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होत्या.

मंगळवारी सकाळी कॉलेजात असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. म्हातारीचा आवाज, दबलेला, घाईचा. "मास्तर का? सांगलीचं? त्यास्नी सांगा, घिऊन या. मी स्मारकात येते. माझ्या तोंडानं सांगते. मी इकलं, दवाखान्यापायी इकलं, तसंच सांगते. नातवाला काय म्हणायचं त्ये म्हणू द्या." आणि फोन बंद.

मी काय केलं, तर काहीच केलं नाही. समोर वीस मुलं ब्युरेट धरून उभी होती. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा मालक ओट्यावर शेंगा फोडत बसले होते, चेहरा निवांत. मनात आलं, आत्ता सांगितलं की हे उठून उभे राहतील, उद्याच जाऊ म्हणतील, मला रजा नाही, पुन्हा सातारा, पुन्हा चिटणीस, पुन्हा तेच. परीक्षा शनिवारी संपणार होत्या. रविवारी निवांत सांगू, म्हटलं. पस्तीस वर्षं थांबलंय ते, पाच दिवसांनी काय होतंय. बुधवारी नाही सांगितलं. गुरुवारीही नाही. म्हातारा माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता आणि मला त्या आवडत होत्या, हे खरं कारण. मला त्या घड्याळाचा वीट आला होता.

शुक्रवारी चारच्या सुमाराला परत आलो तर बोळातच तो वास आला. कोळसा आणि टाकणखार. मागच्या अंगणात मालकांनी दुकानातली जुनी शेगडी पेटवली होती. शेजारी भाता, चिमटा, धातू वितळवायची मूस. ते पाटावर बसले होते, अंगावर नुसती बंडी, घामाने निथळत. फरशीवर वर्तमानपत्र, त्यावर घड्याळाचं यंत्र, तबकडी आणि काच. झाकणं नव्हती. यंत्र उघडं पडलं होतं आणि चालत होतं. सेकंदाचा बारीक काटा फिरत होता.

"बसा," ते म्हणाले आणि चिमट्याने सोन्याची एक लहानशी लगड पाण्यात सोडली. पाणी चरचरलं. "किसाची पुडीबी टाकली त्यात. नाव आन् घड्याळ एक केलं. आता कुणाला काय दाखवाया ऱ्हायलं न्हाई. म्या मेल्यावर पोरं घिऊन गेली, कुठं बोलली, पेपरात आलं, तर त्या म्हातारीनं काय करायचं? आता जाऊन तुमी एवढंच करा. कुठनंतरी नंबर काढून, फोन करून तिला म्हणा, ते ऱ्हायलं न्हाई, निवांत झोपा."

निरोप माझ्या तोंडात होता. चार दिवस होता. मी म्हटलं, "करतो फोन."

"तुमी गप का?"

"धूर गेला डोळ्यांत," मी म्हटलं.

त्या रात्री ते लवकर झोपले आणि सकाळी साडेसहाला झाडूचा आवाज आला नाही. मी घाबरून खाली गेलो. ते उशिरापर्यंत झोपले होते, एवढंच. वर्तमानपत्रावरचं यंत्र केव्हातरी बंद पडलं होतं. त्यानंतर ते नऊ महिने जगले आणि ते नऊ महिने सुखाचे गेले, असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं आहे. पौषात गेले. मुलं आली, दिवस केले, लगड तोलली आणि घेऊन गेली. ती आता कुणाच्या बांगडीत आहे कुणास ठाऊक. पुढे म्हातारीही गेल्याचं पेपरात वाचलं. आता दोघंही नाहीत, म्हणून हे लिहायचं धाडस करतो. मला चौदा दिले होते त्यांनी. तेही जास्त होते.

मी त्यांना कधीच सांगितलं नाही. कसं सांगणार होतो? ज्या एका वाक्यासाठी ते पस्तीस वर्षं थांबले ते वाक्य ती बोलली होती आणि मी ते खिशात घालून चार दिवस हिंडलो, हे? पण त्यांना न सांगणं त्या मानाने सोपं होतं. अवघड होता तो रविवार, ज्या दिवशी मी निवांत सांगणार होतो.

मी तिला फोन केला नव्हता. दुपारी तिचाच आला.

"मास्तर, कवा येताय? मी नातवाला सांगितलंय सगळं. चार दिस झालं, घरात माझ्याशी कोण बोलंना. नातू म्हणतोय, आजी, तू मला बुडवलंस. बुडू दे म्हणलं. तुमी तेवढं घिऊन या लवकर, माझा काय भरवसा न्हाई."

वर गच्चीवर मालक फडक्यावर केर चाळत असल्याचा आवाज येत होता. मी दार लोटून घेतलं. आटवलं म्हणून सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, का? मी फोन केला हुता की. आणि तिने घर तोडून जे केलं ते माझ्या आळसाने फुकट गेलं, हे तिला कळलं असतं. मला त्या क्षणी एकच वाट दिसली. ती तिच्या भल्याची होती की माझ्या, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

"आजी," मी म्हटलं, "ते घड्याळ तुमचं नव्हतं. आम्ही तपासून घेतलं. दुसरंच निघालं."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"दुसरं?"

"हो."

"पर मी कानाला लावलं की."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"मग असंल, बाबा," ती म्हणाली. "म्हातारपण. उगंच घरात आग लावून बसले मी. त्यास्नी म्हणावं, तुमी म्हणला तेच खरं हुतं, चुकी झाली. आन् लांबनं आला हुता, घोटभर पाणीबी मी इचारलं न्हाई. मनात ठिवू नका म्हणावं. एवढं सांगा."

"सांगतो," मी म्हटलं.

तोही निरोप मी त्यांना दिला नाही.